कबड्डीच्या शिट्टीवर धावलेली चिमी

सोनईकरांनो, आज आमच्या चिमीनं कबड्डीचा सराव बंद पाडला!

चिमी म्हणजे आमची लॅब्राडोर. शिट्टी वाजली की असेल तिथून माझ्याकडं यायचं, हे मी तिला शिकवतेय. कारण शेजारच्या उसात बिबट्या दिसलाय आणि ही बया वासामागं सरळ उसात घुसते.

आज संध्याकाळी ती बांधावर हुंगत होती. तेवढ्यात शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजली. चिमी रस्ता ओलांडून थेट तिकडं! चढाई करणाऱ्याच्या पायात आली आणि शिट्टी वाजवणाऱ्या माझ्या दिरापुढं शेपटी हलवत बसली.

दीर म्हणाला, "वहिनी, कुत्री लई गुणी हाय. पन शिट्टी माझ्यासारखीच घेतली व्हय तुमी?"

व्हय. दोघांच्याही एकाच दुकानातल्या, आत गोळी असलेल्या.

सासूबाई म्हणतात, "नाद सोड, साखळीनं बांध."

बांधणार नाही. चिमीनं ऐकलं, शिट्टी निवडताना मी चुकले. आता बिनगोळीची, वेगळ्या आवाजाची आणणार आणि पहिल्यापासून शिकवणार.

तुमच्याकडं कुणी अशी वापरतं का? आधीच सांगा. उसाच्या तोंडाशी उभ्या चिमीला माझी शिट्टी कुठली, हा प्रश्न पडायला नको.