उजवा कौल

आमच्या गुरवाचा मोठा मुलगा गोव्यातल्या एका हॉटेलात परदेशी पाहुण्यांना योग शिकवायचा. सुटीत गावी, कापड्याला आला की बोलायचा तेही श्वास सोडत सोडत, जणू समोरच्याला झोपवतोय. "ध्यान तासावर विकतोस होय रे?" मी चिडवायचो. वाडीतला पहिला बी.ए. मी, मला कोण अडवणार? तो हसायचा. "ध्यान कसलं दादा. गप बसायला शिकवतो त्यांना. देवळात शिकलो तेवढंच येतं मला."

त्या वर्षी त्याला जर्मनीहून बोलावणं आलं. जावं की नाही, म्हणून देवाला कौल लावला. बापाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार. कौलावर माझा विश्वास नाही, तरी मीही श्वास धरून बसलो. समईचा उजेड, ओल्या दगडाचा वास. बाहेर दुपार आहे हेही विसरायला झालं.

तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. गोव्यातला वर्ग संपायची ती वेळ. त्याने डोळे उघडले, छातीशी हात जोडले, आम्हा सगळ्यांना सावकाश "नमस्ते" म्हटलं आणि उठायला लागला. पाकळ्या जागच्या जागी होत्या.

"बस रे," बाप हळूच म्हणाला. "देवाचा तास भरला नाय अजून."

तो ओशाळला. घड्याळ काढून त्याने उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि पुन्हा डोळे मिटले.

किती वेळाने कोण जाणे, बाप म्हणाला, "उजवा दिला रे. जा तू."

माणसं घंटा वाजवत बाहेर पडली. तो मात्र तसाच डोळे मिटून बसून होता.