लांबून बघा

मिरजोळ्याच्या औद्योगिक प्रदर्शनात हॉलची देखरेख करणारे एक काका होते. साधी खुर्ची उचलायची तरी आधी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसायचे. कुणी कशाला हात लावला की हळू आवाजात म्हणायचे, "मोडंल हां."

आम्ही डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी आंबा डबाबंद करणाऱ्या कारखान्याचा स्टॉल केला होता. बघणाऱ्याने हँडल फिरवलं की पुठ्ठ्याचा आंबा पट्ट्यावरून सरकत डब्यात पडायचा. लोक रमले तर मालक आमच्यातल्या एकाला नोकरी देणार होते. मला ती फार हवी होती.

जेवून आलो, तर स्टॉलभोवती सुतळी बांधलेली. मालक सुतळीबाहेर उभे होते. "चित्र बरं आहे," एवढंच म्हणून ते निघून गेले.

काका हसत आले. "पोरांनू, एकालापण हात लावू दिला नाय!"

मला ओरडायचं होतं. पण गावी बाबाही माझ्या पुस्तकांकडे असेच, हात न लावता, लांबून बघतात. मी सुतळी सोडली. "काका, तुम्ही तरी फिरवा."

त्यांनी पंच्याला दोन्ही हात पुसले, हँडलपर्यंत नेले आणि मागे घेतले.

"नको रे. मोडंल."