परशरामचा खारा घाम

बंगलोरमधल्या आमच्या कारखान्यात त्या शनिवारी परशराम पुन्हा भट्टीपुढे कोसळला. साठच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून नवी लागले होते, आणि काम काय... तर कामगारांच्या घामातलं मीठ मोजायचं! माहेरी सगळे नाकं मुरडायचे.

परशराम बेळगावकडचा, अंगानं दणकट. पण शनिवार आला की पोटऱ्यांत असे गोळे यायचे, चौघांनी उचलून न्यावं लागायचं. कारखान्याचे डॉक्टर म्हणत, रविवारला जोडून सुट्टी हवी म्हणून सोंग करतो. आता आणखी एकदा पडला की नोकरी जाणार होती.

माझं मोजमाप मात्र वेगळंच सांगत होतं. भट्टीची सवय झाली की बहुतेकांच्या घामातलं मीठ कमी होतं. परशरामचं होतच नव्हतं... प्रत्येकाच्या अंगाचा कारभार निराळा! डॉक्टरांना दाखवलं, तर म्हणाले, तुमच्या डब्यातल्या लोणच्याचा हात लागला असेल.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग तुम्हीच घ्या नमुने. त्यांनी स्वतः परशरामच्या आणि त्याच्या जोडीदारांच्या पाठीवर कापसाच्या पट्ट्या ठेवल्या, वर प्लास्टिक चिकटवलं, भिजल्यावर काढल्या. उत्तर तेच आलं.

पण शनिवारीच का? परशरामला खोदून विचारलं. तर शनिवारी मारुतीचा उपास, म्हणून भट्टीवर मिळणाऱ्या मिठाच्या गोळ्या गडी न खाता खिशात टाकायचा. उपास जोडीदारही करत, पण त्यांना तो झेपत होता.

"उपासाला सैंधव चालतं ना रे?" मी विचारलं.

"चालतंय की, अक्का. पण त्यानं काय हुतंय?"

काय होतं ते दाखवलंच मी! पुढच्या शनिवारी बंगलोरच्याच शिवाजीनगर बाजारातून सैंधव आणलं, ताकात विरघळवलं आणि डॉक्टरांसमोर त्याला दिवसभर थोडं थोडं पाजलं. भोंगा झाला... आणि पठ्ठ्या स्वतःच्या पायांनी गेटबाहेर पडला.

बाहेर त्याची बायको नेहमीसारखी जटका, म्हणजे तिकडचा टांगा, ठरवून उभी होती, त्याला घरी न्यायला. त्याला चालत येताना बघून आधी तिचे डोळे भरले. मग जटकेवाल्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, तुम्ही जावा. आज आम्ही चालत जाताव."

ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत मी गेटवर उभी होते... शिकल्याचं सार्थक झालं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.