बारा क्लबांचं पाणी

फुटबॉल क्लबातले किस्से मॅनेजरच्या केबिनमध्ये जमत नाहीत, फिजिओच्या टेबलावर जमतात. माणूस पालथा पडलेला असतो, त्याच्या मांडीत माझा अंगठा रुतलेला असतो. अशा वेळी तो एक तर ओरडतो, नाही तर बोलतो. आमच्याकडचे बहुतेक बोलतात.

मी नागपूरची. आता बर्मिंगहॅमजवळच्या एका छोट्या गावातल्या छोट्या क्लबची फिजिओ. आठवडाभर हॉस्पिटलात आजी-आजोबांचे गुडघे वाकवते आणि शनिवारी या पोरांचे. इतके किस्से साठलेत की माझा नवरा मंदार म्हणतो, पुस्तक काढ. पुस्तक कोण वाचतंय! बसा, तोंडीच सांगते. आणि चेमापासूनच सुरुवात करते, कारण निम्मे त्याचेच आहेत.

चेमा स्पॅनिश. स्ट्रायकर, म्हणजे गोल मारण्यासाठीच ज्याला पगार मिळतो तो. वय सदतीस. स्पेन, ग्रीस, सायप्रस, एडिनबरा, मग इंग्लंडभर इकडून तिकडे. आमचा क्लब त्याचा बारावा!

"बारा गावचं पाणी प्यायलेला म्हणतात तो हाच," मंदार म्हणाला.

*

पहिल्या दिवशी त्याची मेडिकल मीच घेतली. विचारलं, "आतापर्यंत कुठे कुठे दुखापत झालीय?"

"कुठे नाही झाली ते विचार, लवकर आटपेल," तो म्हणाला.

मग स्वतःच एकेक दाखवत गेला. उजवा गुडघा ग्रीसमध्ये. खांदा एडिनबरामध्ये. भुवईवरचा व्रण सायप्रसमध्ये, तोही आपल्याच गोलकीपरच्या कोपराने!

मी म्हटलं, "पण बाबा, एवढे क्लब का बदललेस तू?"

तो उठून बसला. "मी कुठे बदलले? मी दर वेळी तिथेच होतो. मॅनेजर बदलले!"

आणि झालंही तसंच. ज्या चेअरमनने आणि मॅनेजरने त्याला हौसेनं आणलं, त्यांतला मॅनेजर दोनच महिन्यांत गेला आणि ग्रॅहम आला. ग्रॅहमला तिशीपुढचा माणूस दिसला की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. तो स्वतः अठ्ठावन्नचा होता, ही गोष्ट वेगळी.

*

इंग्लंडात एक रीत आहे. जुन्या क्लबविरुद्ध गोल मारला तर जल्लोष करायचा नाही. हात वर करून, सुतकी चेहरा करून परत फिरायचं. मान राखायचा म्हणे.

ऑक्टोबरात आमची मॅच चेमाच्या आधीच्या क्लबशी होती. चेमाने गोल मारला आणि जो सुटला तो थेट त्यांच्या प्रेक्षकांसमोरून, शर्ट डोक्यावर फिरवत! रेफरीनं पिवळं कार्ड दिलं. आमचा दुसरा स्ट्रायकर कॅलम धावत गेला. बावीस वर्षांचा, दिवसा इलेक्ट्रिशियन, गावातच वाढलेला, चेमाला तोंडावर "आजोबा" म्हणणारा.

"आजोबा, जुना क्लब आहे! थोडा तरी मान राखायचा!"

"त्यांनी मला ईमेलवर काढलं होतं," चेमा म्हणाला. "मी निदान समोर येऊन सांगितलं!"

*

दुसऱ्या एका मैदानावर तिथल्या पब्लिकने त्याच्यावर गाणंच रचलं होतं. त्याच्या सगळ्या क्लबांची नावं ओळीनं आणि शेवटी, "तुला कोणीच ठेवत नाही!" दोनेक हजार माणसं एका सुरात. मला बेंचवर बसून संताप आला. माणसाच्या पोटापाण्याची अशी चेष्टा करतात का कुठे?

चेमा कॉर्नरपाशी उभा होता. त्याने शाळामास्तरासारखा हात वर केला. गाणं थांबलं.

"सायप्रस राहिलं!" तो ओरडला.

सगळं स्टँड हसायला लागलं. पुढच्या वेळी त्यांनी सायप्रससकट गायलं. दहा मिनिटांनी त्याने गोल मारला, तेव्हा मात्र कुणाचाच सूर लागेना.

*

हसणं ठीक आहे, पण फेब्रुवारीतली एक संध्याकाळ मी विसरत नाही.

चेमाची मुलगी लुसिया आणि माझी सई एकाच वर्गात. दोघी पंधराच्या. चेमा, त्याची बायको आणि लुसिया आमच्याकडे जेवायला आले होते. मी वांग्याची भाजी केली होती, ती चेमाने तीनदा घेतली. बोलता बोलता मंदारने लुसियाला विचारलं, इथली शाळा आवडली का.

"ही माझी सातवी शाळा," ती म्हणाली. "सगळ्या शाळांमध्ये मी नवी मुलगी. मला एकदा तरी नव्या मुलीला टॉयलेट कुठे आहे ते दाखवायचंय."

चेमा ताटातलं वांगं इकडून तिकडे सरकवत राहिला. मग हळूच म्हणाला, "जीसीएसईची परीक्षा ती इथेच देईल."

जीसीएसई म्हणजे इथली दहावी. ती पुढच्या वर्षी आणि त्याचा करार याच सीझनपुरता. घरही क्लबचंच. म्हणजे क्लब सुटला की घर सुटणार, गाव सुटणार, आणि लुसियाची आठवी शाळा सुरू. फक्त करारात एक अट होती. सीझनमध्ये वीस मॅचमध्ये तो मैदानात उतरला, अगदी शेवटच्या एका मिनिटासाठी का होईना, तर करार आपोआप एका वर्षानं वाढणार.

ते गेल्यावर सई म्हणाली, "आई, लुसियाला जावा लागणार? दॅट्स सो अनफेअर."

तिचं मराठी सुधारायची ती वेळ नव्हती.

*

मार्चमध्ये चेमाच्या एकोणीस मॅच झाल्या. आणि त्याच आठवड्यात ग्रॅहमला अचानक साक्षात्कार झाला, की संघाला तरुण रक्ताची गरज आहे! चेमाला खेळवणं बंद. विसावी मॅच का अडलीय, हे कॅलमसकट सगळ्या संघाला कळत होतं.

ग्रॅहमने त्याला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं आणि माझी खोली समोर, त्यात माझा काय दोष?

"आपण परस्पर संमतीनं मोकळे होऊ," ग्रॅहम म्हणाला.

"परस्पर म्हणजे दोघांची ना?" चेमाने विचारलं. "तुझी झाली. माझी मिळणार नाही."

मग ग्रॅहमने त्याला ज्युनियर पोरांसोबत सरावाला पाठवलं. कंटाळून जाईल, असा हिशेब. हा गडी रोज सगळ्यांच्या आधी हजर! महिनाभराने ज्युनियर आणि सीनियर अशी सरावाची मॅच झाली आणि ज्युनियरांनी सीनियरांना धुतलं.

"आमची पोरं आज दमलेली होती," ग्रॅहम म्हणाला.

"चालायचंच," चेमा म्हणाला. "त्यांचं वय झालंय."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळायला तयार नव्हता.

*

यानंतर ग्रॅहम माझ्याकडे आला. गोड बोलत. "चेमाचा गुडघा जरा कुरकुरतोय ना? अनफिट आहे असं तू चेअरमनला सांगितलंस तर सगळ्यांचीच सोय होईल."

मला इतका राग आला की हातातली टेप मी टेबलावर आपटली. मी आयुष्यात खोटा रिपोर्ट दिलेला नाही, आणि याच्यासाठी देणार होते?

"ग्रॅहम," मी म्हटलं, "गुडघा त्याचा आहे, पण दुखणं तुझं आहे. तुझ्यावर माझ्याकडे इलाज नाही!"

तेव्हापासून तो मला गुड मॉर्निंग म्हणत नाही. माझी सकाळ त्याच्यावाचूनही बरी जाते.

*

सीझनची शेवटची मॅच, आमच्याच मैदानावर. गुणतक्त्यातली आमची जागा ठरलेली होती, जिंकलो काय हरलो काय, कुणालाच फरक पडणार नव्हता. एका चेमाला सोडून. दोन पोरं जायबंदी होती, म्हणून नाइलाजानं ग्रॅहमने चेमाला बेंचवर बसवलं. पण शोभेपुरतंच. "आज तू उतरणार नाहीस, आधीच सांगतोय," तो सगळ्यांसमोर म्हणाला. कॅलम शेजारी बुटाची नाडी बांधत होता.

स्टँडमध्ये लुसिया आणि सई बसल्या होत्या. मी तिकडे बघायचं टाळत होते.

बाकीचे राखीव एकेक करून उतरले. बेंचवर उरले दोघंच, राखीव गोलकीपर आणि चेमा. एक बदली शिल्लक होती, पण ग्रॅहम हाताची घडी घालून घट्ट उभा. पाच मिनिटं राहिली. चेमाने अंगावरचं जॅकेट काढून मांडीवर ठेवलं होतं, ते तसंच.

इतक्यात कॅलम डोक्यानं बॉल मारायला उडाला. समोरच्या संघातल्या बचावपटूचं डोकं त्याच्या डोक्याला लागलं म्हणा, किंवा केसांना केस लागले म्हणा. पण कॅलम आडवा झाला! मी बॅग घेऊन धावले.

डोक्याला मार असेल तर आमचे प्रश्न ठरलेले असतात. एक उत्तर जरी चुकलं तर खेळाडू बाहेर, आणि तिथे फिजिओचा शब्द शेवटचा. मॅनेजरलाही मध्ये बोलता येत नाही. मी गुडघ्यावर बसले. त्याचे डोळे तपासले, स्वच्छ होते.

"कितवा हाफ चालू आहे?"

"दुसरा."

"मागच्या आठवड्यात आपण जिंकलो की हरलो?"

"हरलो. दोन-एकने."

मागून ग्रॅहम ओरडत होता, "तो ठीक आहे! उठव त्याला!"

मी तिसरा प्रश्न विचारला. "आपण आत्ता कुठल्या मैदानावर आहोत?"

कॅलमचं घर त्या गोलपोस्टमागच्या गल्लीत आहे. आठ वर्षांचा असल्यापासून तो या गवतावर खेळतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून बेंचकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

"माद्रिद," तो म्हणाला.

मी उठून उभी राहिले, बेंचकडे वळले आणि दोन्ही हात गोल गोल फिरवून खूण केली. बदली!