सुकी मासळी घातलेल्या शेवया

दादाने दुबईत लग्न केलं ते आम्हाला फोनवरच कळलं. तो तिथल्या एका हॉटेलात कामाला होता, आणि वहिनी त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात. वहिनी फिलिपिन्सची. आई "बरं" म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या दारी निघून गेली.

वर्षभराने दोघं पेणला आली. वहिनीने वाकून नमस्कार केला. आईने चहा दिला आणि दादाला विचारलं, "हिला भात चालतो ना?"

"आई, त्यांच्याकडे सकाळच्या नाश्त्यालाही भातच असतो," दादा हसत म्हणाला.

आई हसली नाही. वहिनीशी ती वाईट वागली नाही, पण तिच्याशी बोलायचं ते दादामार्फत, आणि स्वयंपाकघरात मात्र तिला येऊ द्यायचं नाही.

दादाची रजा संपत आली तेव्हा आई मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. माझी रोह्याला शाळेत नोकरी, घर तिथेच जवळ वरशाला, नवऱ्याची कंपनीत शिफ्ट. रजा कशी काढावी या विचारात मी असताना वहिनी मोडक्या हिंदीत म्हणाली, "मी थांबते."

"आणि तिकडची नोकरी?" मी विचारलं.

"दुसरी मिळेल."

आई दादाला म्हणाली, "तिला सांग, माझं मी बघीन." वहिनीला शब्द कळले नसतील, पण सूर नक्की कळला. ती उठली आणि मोरीतली भांडी घासायला बसली.

दादा एकटाच परत गेला. पुढच्या रविवारी मी रोह्याहून गाडीने पेणला आले. दारात पहिल्यांदा दिसला तो आईचा अंबाडा. चापूनचोपून घातलेला.

"केस ओढते जोरात," आई म्हणाली, "पण नीट बांधते हो."

आत वहिनीने परातीत मैदा घेऊन मध्ये आळं केलं होतं आणि त्यात अंडी फोडली होती. घट्ट पीठ मळून तिने ते ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं. मग आमच्याच पोळपाटावर त्याची एवढी पातळ पोळी लाटली की खालचं लाकूड दिसावं. पोळीवर पीठ भुरभुरवून तिची गुंडाळी केली आणि सुरीने बारीक पट्ट्या कापल्या.

"ह्या तर शेवया," आई दारातून म्हणाली.

"पास्ता," वहिनी म्हणाली.

"बरं, तुझा पास्ता. पण घालणार काय गो ह्यात?"

दादामार्फत बोलणाऱ्या आईच्या तोंडून हे जवळिकीचं 'गो' ऐकून मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

वहिनीने आपल्या बॅगेतून एक पिशवी आणली. पिशवी उघडताच घरभर वास सुटला. आतले मासे चपटे, रुपेरी, आपल्या सुक्या तारलीसारखे. तिच्या गावाकडची ही सुकी मासळी, तुयो म्हणतात तिला. दुबईहून येताना तिने एवढीच सोबत आणली होती.

आई पुढे आली. डाव्या हाताने एक मासा उचलून तिने वास घेतला, कडेचा तुकडा जिभेवर ठेवला. "फार खारट हाय. आधी कोमट पाण्यातून काढ." मी हिंदीत सांगायच्या आतच वहिनीने पातेलं पुढे ओढलं होतं.

मासे तेलात कुरकुरीत झाले. तिने त्यांचे काटे काढले, त्याच तेलात ठेचलेली लसूण, सुकी मिरची आणि टोमॅटो परतले. शेवया उकळत्या पाण्यातून काढून त्यात टाकल्या आणि वरून मासे चुरले.

आम्ही तिघी जमिनीवर बसलो. माझ्या ताटात लांबलचक पट्ट्या होत्या, वहिनीच्याही. आईच्या ताटातल्या मात्र बोटाच्या पेराएवढ्या. मी वहिनीकडे बघितलं, तर तिने आपला डावा हात वर करून चमचा धरल्यासारखं दाखवलं. प्लास्टर घातल्यापासून आईला डाव्या हाताने जेवताना किती त्रास होत होता, आणि कोणी भरवायला गेलं की तिला किती लाज वाटायची, हे मला माहीत होतं. वहिनीने काही न विचारता ते ओळखलं होतं. इतक्या वर्षांत मला कुणाचं एवढं कौतुक वाटल्याचं आठवत नाही.

आईने चमच्याने सगळं संपवलं. मग ताट पुढे केलं. "अजून हाय का?"

प्लास्टर निघाल्यावरही वहिनी काही महिने राहिली. जायच्या आधी आई तिला सुकी मासळी घ्यायला बाजारात घेऊन गेली, मीही होते. विकणाऱ्या बाईने वहिनीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला विचारलं, "ही कोण गो?"

"सून माझी," आई म्हणाली. "तिच्यासमोर टोपली ठेव. मासळी तीच निवडील."

वहिनीने खाली बसून एकेक बोंबील मोडून बघितला. ओलसर होते ते बाजूला सारले. बाई कुरकुरली. वहिनीचं निवडून होईपर्यंत आई उन्हात तिच्या शेजारी उभी राहिली.