ऊन मोजणाऱ्याची काच

माझा थोरला भाऊ ऊन मोजायच्या कामावर होता. हसू नका, असंही काम असतं. आमच्या घरामागच्या टेकाडावर एका संशोधन संस्थेची खोली आहे. तिच्या गच्चीवर वाटीएवढ्या काचेच्या घुमटाखाली एक यंत्र बसवलंय. जमिनीवर किती ऊन पोचतं हे ते मोजतं आणि आकडे आपोआप शहरातल्या ऑफिसात जातात. दादाचं काम एवढंच, रोज सकाळी शिडीने वर जायचं आणि ती काच मऊ फडक्याने पुसायची. जन्मभर त्याने तेच केलं. लोक त्याला काचवाला म्हणायचे. लग्न नाही, भांडण नाही, नाकासमोर चालणारा माणूस. मी वैतागून म्हणायची, "अरे, तुझं सगळं ऊन दुसऱ्यांच्या अंगणात पडलं." तो म्हणायचा, "पडू दे की."

त्याला दमा होता. त्या वर्षी पलीकडच्या डोंगरावरचं रान पेटलं ते विझेच ना. भर दुपारी घरात दिवे लावायची वेळ आली. डॉक्टरांनी दादाला बजावलं, दारं-खिडक्या लावून आत बसायचं, या धुरात फिरलात तर जिवावर बेतेल. सकाळी एकदाच वर जाऊन येतो म्हणाला. मी कसंबसं हो म्हटलं.

तेवढ्यात शहरातल्या ऑफिसातून त्याच्या साहेबांचा फोन आला. आकडे फारच खाली आलेत, नुसत्या धुराने इतकं ऊन अडत नाही, काचेवर राख साचली असणार, नीट पुसत नाही का तुम्ही? आणि हे आकडे चुकीचे म्हणून बाजूला काढतोय. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दादाला ते फार लागलं. "मला कामचुकार समजले," एवढंच बोलला. मग त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुसून यायचा, खोकायचा, पाणी प्यायचा, पुन्हा जायचा. मी फडकं लपवलं, तर पठ्ठ्याने स्वतःचा बनियन फाडला. मी ओरडले, रुसले, जेवले नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी तो लवकर परतला नाही. मी भाजी निवडत होते. ती निवडून झाल्यावर वर गेले. तो यंत्राशेजारी आडवा पडला होता, हातात बनियनचा तुकडा. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

रान विझल्यावर साहेब आले. वयाने लहानच होते. दुसरं नवं यंत्र आणून त्यांनी शेजारी लावलं. दोन्हींचे आकडे सारखे. काच स्वच्छच होती.

मग ते आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगत राहिले. पांढरट धूर ऊन इकडेतिकडे उडवतो, त्यातलं बरंचसं खाली पोचतं. पण या धुरात काजळीचे काळे कण फार होते. ते ऊन पिऊन टाकतात. त्याने वरची हवा तापते, खालची जमीन गार राहते, ढग धरत नाहीत, पावसाचं गणित बिघडतं. "भाऊंचे आकडे खरे होते, ताई. सगळे पुन्हा नोंदीत घेतोय. फार मोलाचे आहेत." मी ऐकत होते. मला काही वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही. राग येतो, पण तोही भलत्याच वेळी, भांडी घासताना वगैरे.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. उन्हाच्या आलेखात धुराच्या दिवसांची रेघ खालून चालली होती आणि तिच्यात मधूनमधून बारीक खाचा होत्या.

"या कसल्या?"

"ते वाकून पुसायचे ना, तेव्हा त्यांची सावली पडायची. हा काही धूर नाही. एवढं काढून टाकावं लागेल."

शेवटची खाच बारीक नव्हती. चांगली रुंद होती. त्यांनी ती बघितली आणि पडदा मिटायला हात पुढे केला. मी तो धरला.

"एवढा वेळ तो वाकूनच होता?"

त्यांनी हात मागे घेतला.

"काढून टाका," मी म्हटलं.