काळेकाकांची मजेची वही

काळेकाकांकडे मजेची वही होती. सोमवारी सकाळी आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी साहेब ‘वीकएंड कसा गेला?’ असं विचारायचा. त्याला द्यायची इंग्रजी उत्तरं त्या वहीत दर्जेवार लिहिलेली होती. सहकाऱ्याकडे जेवण असेल, तर ‘हॅड अ गुड टाइम’. टीमची पिकनिक, तर ‘हॅड अ लॉट ऑफ फन’. साहेबाच्या अंगणातलं बार्बेक्यू असेल, तर थेट ‘हॅड अ ब्लास्ट’. मग तिथे या शाकाहारी माणसाने तीन तास नुसती कणसं चघळलेली का असेनात!

नवीन असताना मी एकदा खरं बोललो, ‘कंटाळा आला.’ काकांनी मला ओढतच जिन्यात नेलं.

‘अबे, वेडा झाला का? व्हिसावर आहोत आपण! कंटाळा ग्रीन कार्डवाल्यांनी करायचा.’

‘पण काका, तुम्हाला खरी मजा कशात येते?’

ते गोंधळले. ‘वही बघून सांगतो,’ म्हणाले.

सोळा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असलेला हा हुशार नागपूरकर स्वतःचा आनंदही साहेबाच्या मापाने बेतत होता. मला त्यांची चीड यायची. त्यांच्या डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी मात्र मी रोज खायचो.

मग कंपनीने त्यांना काढलं. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही, तर देश सोडायचा; आणि मुलगी बारावीत. शेवटच्या दिवशी ते निरोपाचा मेल लिहीत होते.

‘खरं लिहा ना, काका! तुमच्याकडून दुसऱ्याला काम शिकवून घेतलं आणि मग तुम्हाला हाकललं, असं लिहा!’

काकांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे राखून ठेवलेलं वाक्य होतं : ‘थरोली एन्जॉइड एव्हरी मिनिट.’

‘साहेबाचं शिफारसपत्र लागेल रे,’ ते पुटपुटले. आणि त्यांनी ते जसंच्या तसं टाइप केलं.

शिफारसपत्र आलंच नाही. मुलीची शाळा संपायला सहा आठवडे उरले असताना, एका रविवारी आम्ही त्यांचं घर खोक्यांत भरलं. संध्याकाळी मी त्यांना विमानतळावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी कॉफी मशीनपाशी साहेबाने तोच प्रश्न विचारला.

‘फार वाईट गेला,’ मी स्पष्ट इंग्रजीत म्हणालो. ‘काळेंचं घर रिकामं केलं.’

‘ऑसम!’ साहेब हसून म्हणाला आणि कप घेऊन चालता झाला.

सोळा वर्षं काका या माणसासाठी शब्द निवडत होते.